शिंगणापूरच्या शनीला कडी कुणी लावली?

शनी अमावास्या जवळ आली की एक चित्र आपल्या सर्वांच्या पडद्यावर हमखास येते. खाली शनिशिंगणापूरची काळी शिळा, मागे जांभळे आकाश आणि त्या आकाशात तिरपी कडी ल्यालेला एक भलामोठा ग्रह. मजकूर भक्तीचा असेल तर माझी काहीच तक्रार नाही. भक्ताने आपल्या देवाला हवे तसे सजवावे. परंतु हेच चित्र आता इतिहासाच्या थ्रेडवर, ‘प्राचीन भारतातील ग्रहज्ञान’ यांसारख्या शीर्षकाखालीही दिसू लागले आहे. तेथे चित्र केवळ सजावट राहत नाही, ते विधान करते. आणि हे विधान खोटे आहे.

माझे मत आधीच सांगते. इतिहास सांगणाऱ्याने कडी असलेला ग्रह कुठूनतरी उतरवून घेऊ नये. तो स्वतः काढावा. व्हेक्टर चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम तासाभराचे आहे, आणि ते करताना आपण कोणत्या सालातला शनी काढत आहोत हे ठरवावेच लागते. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम गावाविषयी. शनिशिंगणापूर हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातले गाव. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यातले. तेथील देव म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा. वर छप्पर नाही, कळस नाही. शिळेला चेहरा नाही, हातपाय नाहीत. पुराच्या पाण्यात शिळा वाहत आली आणि काठी टोचताच तिच्यातून रक्त आले, असे लोककथा सांगते. घरांना कडी-कुलूप न लावण्याच्या प्रथेमुळे हे गाव देशभर ठाऊक आहे. ज्या गावाने आपल्या दारांना कडी लावली नाही, त्याच्या देवाला मात्र पोस्टर करणाऱ्यांनी ती लावून टाकली! (कोटी सुचली, मोह आवरला नाही.)

दुर्बिणीपूर्वीच्या शनीकडे पाहू. पुराणांतील वर्णनांत तो निळ्या-काळ्या वर्णाचा असतो. वाहन कुठे गिधाड, कुठे कावळा. लोकसमजुतीत तो लंगडा आहे. शनिमाहात्म्याच्या पोथीत विक्रम राजाला छळण्यासाठी तो घोड्यांचा सौदागर होऊन येतो. या कशातही त्याच्याभोवती वलय नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. नुसत्या डोळ्यांना शनी म्हणजे एक फिकट पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका. त्याची ओळख त्याच्या रूपात नव्हती, चालीत होती. शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. त्याचे दुसरे नाव ‘मंद’. लंगडेपणाच्या कथेतही मला हीच संथ चाल दिसते: आकाशात सर्वांत रेंगाळणारा ग्रह गोष्टीत पाय ओढत चालतो.

या चालीचे गणित मात्र मुळीच लंगडे नाही. सूर्यसिद्धान्तात एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, शनीच्या १,४६,५६८ प्रदक्षिणा दिल्या आहेत. भागाकार करून पाहा. एका प्रदक्षिणेला सुमारे २९.४७ वर्षे येतात. आजचा आकडा सुमारे २९.४६ आहे. दिवसांत मांडले तर दहा हजार सातशेहून अधिक दिवसांच्या फेऱ्यात फरक फार तर आठ-दहा दिवसांचा. आर्यभटाचा आकडा १,४६,५६४, म्हणजे जवळपास तोच. साडेसातीचा हिशेबही यातूनच निघतो. एकोणतीस-साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणून एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून साडेसात. साडेसातीवर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तिच्या मुळाशी असलेला कालावधी आकाशात मोजलेला आहे.

हे सारे दुर्बिणीविना झाले. आणि नेमक्या याच आकड्यांशेजारी आपण कडी असलेला ग्रह चिकटवतो! वाचक काय समजेल? ‘त्यांना कडीसुद्धा ठाऊक होती’. मग पुढचा कोणी तेच चित्र पुरावा म्हणून पुढे ढकलतो आणि ‘आपल्या ऋषींनी शनीची कडी पाहिली होती’ असा मजकूर गटागटांतून फिरू लागतो. त्याचे खंडन करायला दुसरा कोणी धावतो. त्या भांडणात १,४६,५६८ हा आकडा कुणाच्याच लक्षात राहत नाही. जे खरोखर साधले होते ते झाकले जाते आणि जे नव्हते त्याचा गजर होतो. माझा राग या अदलाबदलीवर आहे. यादवकालीन पंगतीच्या चित्रात मिरचीचा ठेचा वाढलेला दिसला तर आपण हसतो, कारण मिरची अमेरिकेतून आली हे आपल्याला ठाऊक असते. कड्यांच्या बाबतीत तीच जागरूकता कुठे जाते?

आता कडी कधी आली ते पाहू. १६१० च्या जुलैमध्ये गॅलिलिओने आपली दुर्बीण शनीवर रोखली आणि त्याला तीन गोळे दिसले: मध्ये मोठा, दोन्ही बाजूंना एकेक लहान, जणू एकमेकांना टेकलेले. शोध आपल्या नावावर राहावा, पण इतक्यात उघडही होऊ नये, म्हणून त्याने अक्षरे उलटसुलट केलेले एक कोडे धाडून दिले. त्या सुमारास आपल्याकडे अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती जाऊन दहा वर्षे झाली होती आणि मलिक अंबर उरलेल्या निजामशाहीचा गाडा ओढत होता. १६१२ च्या अखेरीस गॅलिलिओने पुन्हा पाहिले, तर बाजूचे दोन्ही गोळे नाहीसे झालेले! १६१६ मध्ये त्याने शनी पुन्हा रेखाटला तेव्हा त्याला कढईला असतात तसे दोन कान फुटले होते. या माणसाने कडी पाहिली, रेखाटली आणि तरीही ती कडी आहेत हे त्याला अखेरपर्यंत उमगले नाही.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे युरोपभर शनीची चित्रे निघत राहिली. कुणी त्याला अंड्यासारखा काढला, कुणी दोन चंद्रकोरी जोडल्या, कुणी मुठी लावल्या. क्रिस्तियान हायगेन्स या डच विद्वानाने १६५५ मध्ये अधिक चांगली दुर्बीण घेऊन वेध सुरू केले. गंमत अशी की तेव्हा कडी नजरेच्या रेषेत येत होती, म्हणजे जवळपास अदृश्यच होत होती. तरीही त्याने उत्तर काढले. १६५६ मध्ये त्यानेही ते अक्षरकोड्यात दडवले आणि १६५९ मध्ये ‘सिस्टेमा सॅटर्निअम’ या पुस्तकात उलगडले: शनीभोवती एक पातळ, सपाट वलय आहे, ते शनीला कुठेही चिकटलेले नाही आणि ते क्रांतिवृत्ताशी कललेले आहे. पुस्तकातील एका पानावर त्याने आधीच्या निरीक्षकांची तेरा रेखाचित्रे ओळीने मांडली आहेत. ते पान मला अत्यंत प्रिय आहे. चित्र हे मत असते, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित सापडतो.

१६५९ म्हटल्यावर तुम्हाला काय आठवते ते मला ठाऊक आहे. १० नोव्हेंबर, प्रतापगड. वर्ष तेच. म्हणजे अफझलखानाच्या स्वारीपूर्वीच्या कोणत्याही प्रसंगाच्या चित्रात, मग तो यादवांचा दरबार असो, चांदबीबीची लढाई असो वा शहाजीराजांची धावपळ, आकाशात कडी असलेला शनी दाखवला तर त्या काळी पृथ्वीवर एखाद्या माणसाखेरीज कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट आपण दाखवत आहोत.

आता सॉफ्टवेअर उघडा. मी इंकस्केप वापरते. ते फुकट आहे, मुक्त स्रोताचे आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. व्हेक्टर चित्रात रंगाचे ठिपके साठवलेले नसतात, आकारांचे गणित साठवलेले असते. म्हणून चित्र कितीही मोठे केले तरी फाटत नाही. आपल्या कामासाठी याचा दुसरा लाभ मोठा आहे: प्रत्येक आकाराला नेमके माप द्यावे लागते, आणि माप द्यायचे तर ते माहीत असावे लागते.

ग्रहापासून सुरुवात करा. तयार चित्रांत तो बहुधा पूर्ण वर्तुळ असतो. खरा शनी ध्रुवांपाशी चांगलाच दबलेला आहे: रुंदी १०० धरली तर उंची ९०. तेव्हा वर्तुळ काढू नका, लंबवर्तुळ काढा. आता कड्यांसाठी एकाच केंद्राभोवती दोन लंबवर्तुळे: बाहेरचे २२७ रुंद, आतले १५३. त्यांची उंची किती ठेवायची? हा प्रश्न हातानेच सोडवावा लागतो आणि त्यात सारा इतिहास दडला आहे. पृथ्वीवरून पाहताना कड्यांचा कल शून्यापासून सुमारे २७ अंशांपर्यंत बदलतो. कल जितका, त्याच्या ज्येने रुंदीला गुणा. कमाल कलाला हा गुणक सुमारे ०.४५ येतो, म्हणजे २२७ रुंदीच्या वलयाची उंची जास्तीत जास्त १०२. ग्रह ९० उंच, वलय १०२. म्हणून पूर्ण उघडलेली कडी दोन्ही ध्रुवांच्या वर-खाली किंचित डोकावतात. कल शून्य असेल तर वलयाची एक रेघ होते, आणि गॅलिलिओच्या दुर्बिणीतून ती रेघही दिसत नाही. त्याचे १६१२ चे कोडे असे तुमच्या पडद्यावर सुटते.

दोन्ही लंबवर्तुळे निवडून ‘पाथ’ मेनूतील ‘डिफरन्स’ दिले की मधला भाग कापला जातो आणि वलय तयार होते. पण ते ग्रहाच्या छातीवर ठेवलेल्या थाळीसारखे दिसते. आता वलयाची एक प्रत करा आणि ती ग्रहाच्या मागे सरकवा. पुढच्या प्रतीवर वरचा अर्धा भाग झाकेल असा एक आयत काढा आणि पुन्हा ‘डिफरन्स’ने तेवढा भाग कापून टाका. पुढचा अर्धा ग्रहावरून जातो, मागचा ग्रहाआड लपतो, आणि सपाट पडद्यावरचा शनी एकदम गोल होतो.

माझ्या मते सारा इतिहास या एका कापण्यात आहे. गॅलिलिओनंतरच्या निरीक्षकांकडे डोळे होते, दुर्बिणी होत्या, रेखाटणारा हातही होता. नव्हती ती एवढी कल्पना: बाजूला दिसणारे ते दोन कान म्हणजे दोन वस्तू नव्हेत, एकच सपाट वस्तू पुढूनही जाते आणि मागूनही. तयार चित्र उतरवून घेणाऱ्याला ही पायरी दिसतच नाही, कारण दुसऱ्या कुणीतरी ती आधीच चढलेली असते. म्हणून ‘चित्र काय, कुठूनही घ्या’ हा सल्ला मला इतिहासाच्या विद्यार्थ्याला न शोभणारा वाटतो.

यापुढे चित्रात जे जे घालाल त्याला साल चिकटलेले आहे. वलयात काळी फट दाखवायची असेल (रुंदीच्या मापाने १९५ ते २०३ च्या मधली), तर तुमचा शनी १६७५ नंतरचा. ती फट त्या वर्षी कासिनीने नोंदवली, रायगडावरील राज्याभिषेकाच्या पुढच्या वर्षी. आतल्या बाजूला १२४ पासून १५३ पर्यंत एक विरळ, पारदर्शक पट्टा काढलात तर १८५० नंतरचा. कड्यांवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या असंख्य बारीक रेषा ओढल्यात तर १९८० नंतरचा, कारण त्या व्हॉयेजर यानाने दाखवल्या.

सर्वांत अधिक फसवते ती सावली. सॉफ्टवेअर शिकवणारे बहुतेक धडे गोळ्याला खोली यावी म्हणून त्याची एक बाजू काळी करायला सांगतात. ग्रेडियंट ओढला की झाले. चित्र सुंदर दिसते. परंतु पृथ्वीवरून शनी कधीही अर्धा किंवा कोरीसारखा दिसू शकत नाही. तो सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊपट दूर आहे. तेथून पाहिले तर सूर्य आणि पृथ्वी जवळपास एकाच दिशेला असतात, त्यांच्यातील कोन फार तर सुमारे सहा अंशांपर्यंतच जातो. म्हणून आपल्याला त्याची उजळ बाजूच दिसते. अर्धा अंधारात बुडालेला शनी पाहायचा तर त्याच्या बाजूला किंवा पलीकडे जावे लागते, आणि तिकडे पहिले यान, पायोनिअर ११, पोहोचले १९७९ मध्ये. तेव्हा शिंगणापूरच्या शिळेमागे उगवलेला तो अर्धा काळा, कडी असलेला शनी चौथऱ्यावर उभ्या असलेल्या कुणालाही कधी दिसलेला नाही, दिसणारही नाही. ते अवकाशयानाच्या कॅमेऱ्याचे दृश्य आहे.

रंगाचेही असेच. दुर्बिणीतला शनी फिकट, ताकासारखा पिवळसर असतो. पोस्टरवरचा मात्र गडद निळा किंवा काळा. म्हणजे रंग पुराणांचा, वलय हायगेन्सचे, सावली पायोनिअरची. तीन काळ एका गोळ्यात कोंबलेले. कलाकृती म्हणून हा संकर मला मोहकही वाटतो. फक्त त्याखाली ‘प्राचीन’ असे लिहू नका.

भारतात दुर्बिणीतून शनी कधी पाहिला गेला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सवाई जयसिंहाच्या पदरी तयार झालेल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या फार्सी ग्रंथात, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांमध्ये शनी लांबट, लंबगोल दिसतो असा उल्लेख आहे. ही नोंद मला कोणत्याही बनावट श्लोकापेक्षा मोलाची वाटते. हायगेन्सचे पुस्तक येऊन सात-आठ दशके उलटली होती, तरी येथील निरीक्षक आपल्या दुर्बिणीत जे दिसले तेच लिहीत होता: लांबट गोळा. अठराव्या शतकातील भारतीय शनीचे चित्र काढायचे असेल तर तो लांबट गोळा काढा, कडी नकोत. आपल्या प्रांतात मोठी दुर्बीण बरीच उशिरा आली. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. त्याच काळात, १८९६ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासावरील ग्रंथ मराठीत आला. जुन्या ग्रंथांत काय आहे आणि काय नाही हे पाहायचे असेल तर तो आजही उघडावा. चित्रांपेक्षा तो बरा साक्षीदार आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. ‘कडी हे आता चिन्ह आहे. ती काढली नाहीत तर लोक शनी ओळखणार कसे?’ खरे आहे. २०१९ मध्ये इमोजींच्या यादीतही कडी असलेला ग्रह दाखल झाला. आज अंगठ्याएवढ्या जागेत ‘अवकाश’ असे सांगायचे तर तेच चित्र लागते. शाळेच्या भिंतीवर, खगोलमंडळाच्या पत्रिकेवर ते अवश्य असावे. पण इतिहासाचा वाचक ओळखण्यापुरता आलेला नसतो, तो समजून घ्यायला आलेला असतो. त्याला अनोळखी चित्र दाखवून ‘हा शनी आहे, १६१० मधला’ असे सांगितले तर तो थांबतो, विचारतो. ओळखीचे चित्र दाखवले तर तो पुढे सरकतो. शिवाय केवळ चिन्ह म्हणूनही कडी आता शनीची मक्तेदारी राहिलेली नाहीत. १९७७ मध्ये युरेनसला वलये असल्याचे उघड झाले, आणि त्या वेळच्या निरीक्षणांत तामिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेचाही वाटा होता; पुढे गुरू आणि नेपच्यूनचीही सापडली.

मग शिंगणापूरच्या थ्रेडसाठी काय काढावे? मी काढले असते ते असे. खाली चौथरा आणि शिळा, दोन-तीन सरळ आकारांत. व्हेक्टरमध्ये शिळा काढणे फार सोपे आहे, कारण तिला लपवायला काही नाही. वर मोकळे आकाश, जसे तेथे खरोखर असते. आकाशात एक मोठे वर्तुळ, त्याचे बारा भाग, आणि त्या वर्तुळावर तीस वर्षांत सरकत गेलेला एक पिवळसर ठिपका: प्रत्येक भागात अडीच वर्षे. ठिपक्यांची रांग करायला मूळ ठिपक्याच्या प्रती वर्तुळावर फिरवत न्यायच्या, दहा मिनिटांचे काम. शनैश्चर या नावाचा अर्थ, सूर्यसिद्धान्ताचा आकडा आणि साडेसाती, तिन्ही गोष्टी त्या एका चित्रात येतात, आणि तेराव्या शतकातील नेवाशाच्या माणसालाही ते चित्र समजले असते.

कडी काढायचीच असतील तर चित्राच्या कोपऱ्यात साल लिहा. १६१० लिहिले तर तीन गोळे, १६१६ ला कढईचे कान, १६५९ ला अखंड वलय, १६७५ ला फट. आजचा शनी काढणाऱ्यांसाठी एवढेच: २०२५ च्या मार्चमध्ये कडी नजरेच्या रेषेत आली होती, तेव्हा त्या वर्षाच्या शनीला वलयाऐवजी एक बारीक रेघ पुरेल, येथून ती पुन्हा उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास तुमचा तो ०.४५ चा गुणक पूर्ण वापरता येईल.